एक विंडोज, दोन कॉम्प्युटर: चालतं का?



१ जून ते ३१ जुलै बंदी. बोटी किनाऱ्याला लागल्या की घरातली राहिलेली कामं निघतात. शाळा-कॉलेजंही याच सुमाराला सुरू होतात, त्यामुळे मुलांसाठी लॅपटॉप घेतला जातो, जुना दुरुस्तीला जातो. मग ऑफिसात हा प्रश्न हमखास येतो: "घरच्या कॉम्प्युटरवर विंडोज आहेच, तेच नव्यावर टाकलं तर चालेल ना? परत पैसे कशाला घालायचे?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर तुमच्याकडचं लायसन्स कुठल्या प्रकारचं आहे त्यावर ठरतं, आणि तेच बहुतेकांना माहीत नसतं.

आधी मूळ गोष्ट. विंडोजचे पैसे भरतो म्हणजे आपण ते वापरायची परवानगी घेतो. एका लायसन्सवर एका वेळी एकच कॉम्प्युटर. दोन्ही आपल्याच घरातले आहेत, हे कारण तिथं चालत नाही. २००१ मध्ये विंडोज एक्सपी आलं तेव्हापासून मायक्रोसॉफ्ट हे ॲक्टिव्हेशन करून तपासते. कॉम्प्युटरच्या आतल्या भागांवरून त्याची एक ओळख तयार होते आणि लायसन्स त्या ओळखीला बांधलं जातं.

आता प्रकार. दुकानातून तयार लॅपटॉप घेतला आणि त्यात विंडोज आधीच होतं, तर ते ओईएम लायसन्स. हे बोटीच्या नोंदणी नंबरासारखं समजा. तो नंबर त्याच बोटीचा, बोट मोडीत काढली म्हणून दुसऱ्या बोटीवर रंगवता येत नाही. लॅपटॉप विकला तर लायसन्स त्याच्याबरोबर घेणाऱ्याकडे जातं. लॅपटॉप कायमचा मेला तर लायसन्सही गेलं.

दुसरं रिटेल, म्हणजे विंडोज वेगळं विकत घेतलेलं. हे आउटबोर्ड मोटरीसारखं. एका कॅनोवरून काढून दुसऱ्या कॅनोला लावता येतं, पण एकाच वेळी दोन्हीकडे चालणार नाही. जुन्या कॉम्प्युटरवरून काढायचं आणि मग नव्यावर टाकायचं. विंडोज १० ची रिटेल की विंडोज ११ लाही चालते. विंडोज ७ आणि ८ च्या जुन्या की पूर्वी नव्या विंडोजवर चालून जायच्या, ती वाट मायक्रोसॉफ्टनं २०२३ मध्ये बंद केली.

तिसरं व्हॉल्यूम लायसन्स, ते कंपन्या आणि कॉलेजांसाठी. आपल्या घरात ते असायचं कारणच नाही. असलं, तर कुणी घातलं ते विचारा.

तुमचं कुठलं, हे एका मिनिटात कळतं. कीबोर्डावर विंडोजचं चिन्ह असलेलं बटण दाबून धरा आणि आर दाबा. डावीकडे खाली छोटी चौकट उघडेल. तीत इंग्रजीत एसएलएमजीआर ही पाच अक्षरं लिहा, एक जागा सोडा, मग प्रश्नचिन्हाच्या बटणावर असते ती तिरकी रेघ आणि तिला चिकटून डीएलआय. एंटर दाबून थोडं थांबा. जी माहिती येईल तिच्या दुसऱ्या ओळीत ओईएम, रिटेल किंवा व्हॉल्यूम यांपैकी एक शब्द इंग्रजीत दिसेल. याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. रिटेल निघालं तर जुन्या कॉम्प्युटरवरची की काढायलाही हेच, फक्त डीएलआयच्या जागी यूपीके लिहायचं, आणि ते या चौकटीत न लिहिता ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये लिहायचं. ओईएमवाल्यांनी मात्र हे करू नये, त्यांना त्यातून काहीच मिळत नाही.

आता ज्यात आपल्या लोकांचे खरे पैसे जातात ते सांगतो. लॅपटॉप हळू चालतो म्हणून दुरुस्तीला दिला, त्यानं फॉरमॅट मारला आणि 'नवीन विंडोज'चे वेगळे पैसे लावले. विंडोज ८ पासून पुढच्या ब्रँडेड लॅपटॉपमध्ये विंडोजची की मदरबोर्डावरच्या चिपमध्ये साठवलेली असते. त्याच लॅपटॉपवर तेच विंडोज कितीही वेळा परत टाका, इंटरनेट जोडलं की ते आपोआप ॲक्टिव्हेट होतं. ते टाकायची फाइल मायक्रोसॉफ्टच्या साइटवर फुकट मिळते, ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. कारागिरानं त्याच्या मेहनतीचे पैसे जरूर घ्यावेत, लायसन्सचे नाहीत. ते तुम्ही लॅपटॉपच्या किमतीत भरून झालेत.

यापेक्षा वाईट प्रकारही होतो. लॅपटॉपबरोबर मिळालेलं असतं विंडोज होम. दुरुस्तीवाला त्यावर 'प्रो' टाकतो, कारण त्याच्या पेनड्राइव्हवर तेच असतं. होमची की प्रोला चालत नाही, मग तो क्रॅक मारतो. म्हणजे घरात खरं लायसन्स असताना आपण चोरीचं विंडोज वापरत बसतो, आणि वर त्याचे पैसेही दिलेले असतात! वरच्या तपासणीत ब्रँडेड लॅपटॉपवर व्हॉल्यूम असं दिसलं तर बहुधा हेच झालेलं असतं. उपाय सोपा आहे. आपल्या फाइली बाजूला काढून ठेवा आणि होम पुन्हा टाकून घ्या.

क्रॅकचं दुखणं नुसतं कायद्याचं नाही. तो चालवायच्या आधी बहुतेक वेळा अँटिव्हायरस बंद करायला लावतात, आणि आत आणखी काय शिरलं ते कळत नाही. त्याच कॉम्प्युटरवर आपण बँकेचा व्यवहार करतो, बोटीच्या नोंदणीसाठी रिअलक्राफ्टवर लॉगिन करतो, डिझेल सवलतीचे कागद आणि आधारच्या प्रती ठेवतो. राहिला कायदा, तर कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३ ब. बेकायदा प्रत आहे हे माहीत असून वापरली तर कमीत कमी ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. वापर धंद्यासाठी किंवा कमाईसाठी नसेल तर कोर्ट कैद माफ करून ५० हजारांपर्यंत दंडावर सोडू शकतं. घरचा कॉम्प्युटर आणि बोटीचा हिशोब ठेवणारा कॉम्प्युटर यांत फरक पडतो तो इथं.

ऑनलाइन काही शे रुपयांत मिळणाऱ्या कीचंही तसंच. त्यातल्या बऱ्याच व्हॉल्यूमच्या असतात, कुठल्या तरी कंपनीच्या नावावरच्या. आज चालतात, पुढे मायक्रोसॉफ्टनं ती की बंद केली की स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात 'ॲक्टिव्हेट करा' अशी पाटी येते. तोवर विकणारा सापडत नाही.

आपल्याकडे खारी हवा. जेटीवरच्या खोलीत ठेवलेल्या कॉम्प्युटरचा बोर्ड गंजायला वेळ लागत नाही. हार्डडिस्क किंवा रॅम बदलली तर लायसन्सला सहसा धक्का लागत नाही, मदरबोर्ड बदलला की मात्र विंडोज त्याला नवा कॉम्प्युटर समजतं. म्हणून मशीन धड आहे तोवरच सेटिंग्जमधून विंडोज तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडून घ्या. पुढे बोर्ड बदलावा लागला आणि लायसन्स बदलीला पात्र असलं, तर परत ॲक्टिव्हेट करणं सोपं जातं. पण खातं जोडलं म्हणून दोन कॉम्प्युटरवर चालेल, असं मात्र नाही.

दुसऱ्या कॉम्प्युटरला लायसन्सच नसेल आणि पैसेही घालायचे नसतील तर उबुंटू लिनक्स आहे. फुकट, दहा मशिनींवर टाका, कुणी विचारणार नाही. त्यात लिबरऑफिस चालतं, मराठी लिहिता येतं, ब्राउझरवरची सगळी कामं होतात. टॅलीसारखं फक्त विंडोजवरचं सॉफ्टवेअर लागत असेल तर आधी चौकशी करा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि जुन्या कित्येक मशिनी विंडोज ११ घेत नाहीत. अशांना आमच्या मते हाच रस्ता बरा.

तपासून घ्यायचं असेल तर लॅपटॉप, चार्जर आणि खरेदीचं बिल घेऊन ऑफिसात या. दुरुस्तीला द्यायच्या आधी या.