हिवताप

हिवताप : (मलेरिया). प्लास्मोडियम वंशातील प्रजीवांमुळे होणारा व ॲनॉफेलीस डासाच्या मादीच्या दंशाने पसरणारा रोग. थंडी वाजून ताप चढणे, घाम येऊन तो उतरणे व बहुधा दिवसाआड पुन्हा येणे, हे त्याचे परिचित स्वरूप होय. फॅल्सिपेरम जातीच्या संसर्गात अशी नियमितता आढळेलच असे नाही. त्यात मेंदूवर परिणाम होऊन थोड्या दिवसांत मृत्यू ओढवू शकतो.

दलदलीतील दूषित हवेमुळे हा ताप येतो, अशी समजूत एकोणिसाव्या शतकात रूढ होती व उंचावरील हवा आरोग्यदायी मानली जाई. सर जॉन माल्कम यांनी १८२८-२९ मध्ये सु. १,३७० मी. उंचीवरील महाबळेश्वर येथे आरोग्यस्थान वसविले, ते याच काळात. पुढे तेथील लिंगमळा येथे क्विनीनसाठी सिंकोनाची लागवड सरकारने करून पाहिली. परंतु अतिवृष्टी व नंतरचा दीर्घ कोरडा काळ रोपांना मानवला नाही.

रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे डासाच्या जठरात हे प्रजीव आढळले आणि उंचीचा खरा अर्थ कळू लागला. तापमान सु. १६° से. च्या खाली गेल्यास डासाच्या शरीरातील प्रजीवांची वाढ जवळजवळ थांबते. थंड हवेत ती इतकी मंदावते की, डास बहुधा आधीच मरतो. हे संरक्षण खरे असले, तरी ऋतूप्रमाणे ते कमीजास्त होते. शिवाय पायथ्याच्या संथ, स्वच्छ ओढ्यांत ॲनॉफेलीस फ्लुव्हिॲटिलिस, तर सपाटीवरील कालव्यांत व डबक्यांत ॲनॉफेलीस क्युलिसिफेसीस वाढतो. तेथे दंश झालेल्या माणसाच्या यकृतात व्हायव्हॅक्स जातीचे प्रजीव सुप्त राहतात आणि काही महिन्यांनी ताप उलटतो. हवापालट येथे निरुपयोगी असून वैद्यकीय देखरेखीखाली प्रायमाक्वीनचा पूर्ण क्रम घ्यावा लागतो. गर्भवती स्त्रियांना मात्र हे औषध देत नाहीत.

मुंबई प्रांतात डॉ. विश्वनाथन यांच्या डीडीटी फवारणीच्या यशानंतर १९५३ मध्ये राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम व १९५८ मध्ये निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. रोग जवळजवळ नाहीसा झाल्यासारखा वाटला आणि दक्षता सैलावली. क्युलिसिफेसीस डीडीटीला दाद देईनासा झाला. १९७६ मध्ये देशात सु. ६४ लाख रुग्ण नोंदले गेले. म्हणून उपाय डासाच्या सवयीनुसार योजावे लागतात. घरात विसावणाऱ्या डासांसाठी भिंतींवरील फवारणी उपयोगी पडते. मुंबईतील ॲनॉफेलीस स्टिफेन्सीसाठी विहिरी व गच्चीवरील टाक्या घट्ट झाकणे अधिक परिणामकारक ठरते. वापरात नसलेल्या विहिरींत गप्पी मासे सोडतात. हे डास मुख्यतः रात्री चावत असल्याने कीटकनाशकयुक्त मच्छरदाणी वापरतात. तापाच्या रुग्णाचे रक्त उपचारापूर्वी तपासावे लागते, कारण प्रजीवाच्या जातीनुसार औषध बदलते.