चिठ्ठी आणि शिफारस : गांजा, रुग्ण आणि कायदा

कॅलिफोर्नियातल्या डॉक्टरला रुग्णासाठी गांजाची चिठ्ठी लिहिता येत नाही. शिफारस मात्र करता येते. पहिल्या दृष्टिक्षेपात हा शब्दच्छल वाटेल. पण अमेरिकेतल्या लाखो आजारी माणसांचे कायदेशीर संरक्षण गेली जवळजवळ तीन दशके या दोन शब्दांमधल्या फटीत उभे आहे. चिठ्ठी लिहिली की डॉक्टर संघीय कायदा मोडतो. शिफारस केली तर तो केवळ आपले वैद्यकीय मत सांगत असतो, आणि मत सांगण्याचे स्वातंत्र्य त्याला राज्यघटनेने दिलेले आहे. रुग्णाचा हक्क असा आडवाटेने का निर्माण झाला, तो किती टिकाऊ आहे आणि आपल्याकडच्या कायद्याशी त्याचे काय नाते आहे, हे तपासण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे.

कलकत्त्याहून निघालेले औषध

या गोष्टीची एक सुरुवात भारतात आहे. कलकत्ता मेडिकल कॉलेजात शिकवणारे आयरिश डॉक्टर विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये गांजाच्या अर्कावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. धनुर्वात, संधिवात, लहान मुलांच्या आकडी अशा विकारांत त्यांनी तो देऊन पाहिला होता. त्यांच्यामुळे हे औषध पाश्चात्त्य वैद्यकात रुजले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून १९४२ पर्यंत ते अमेरिकेच्या अधिकृत औषधसंहितेत होते. इकडे ब्रिटिश सरकारने १८९३-९४ मध्ये नेमलेल्या भांग-गांजा आयोगाने हजाराहून अधिक साक्षी नोंदवल्या आणि माफक सेवनाने फारशी हानी होत नाही, सरसकट बंदीपेक्षा कर आणि नियंत्रण बरे, असा निष्कर्ष काढला.

विसाव्या शतकात वारे उलटे वाहू लागले. अमेरिकेत १९३७ च्या करकायद्याने गांजाचा व्यवहार जवळपास अशक्य केला. अमेरिकन मेडिकल असोसिएशनचे प्रतिनिधी विल्यम वुडवर्ड यांनी संसदीय समितीपुढे या विधेयकाला विरोध केला होता. त्याचा उपयोग झाला नाही. पुढे १९७० च्या नियंत्रित पदार्थ कायद्याने गांजा पहिल्या अनुसूचीत टाकला. ज्यांचा मान्य वैद्यकीय उपयोग नाही आणि ज्यांच्या गैरवापराची शक्यता मोठी आहे, अशा पदार्थांची ती यादी. हेरॉइन तिथेच आहे. कोकेन आणि मॉर्फिन मात्र दुसऱ्या अनुसूचीत, कारण त्यांचा वैद्यकीय उपयोग कायद्याला मान्य आहे. चिठ्ठी न लिहिता येण्याचे मूळ कारण हेच.

एका माणसासाठी उघडलेले दार

रॉबर्ट रँडल हा वॉशिंग्टनमधला तरुण काचबिंदूने दृष्टी गमावत चालला होता. गांजा ओढल्यावर डोळ्यांतला दाब उतरतो, हे त्याच्या लक्षात आले होते. घरी रोपे लावल्याबद्दल १९७५ मध्ये त्याच्यावर खटला झाला. आंधळे होणे आणि कायदा मोडणे यांतून निवड करायची वेळ आली, तर कायदा मोडणे क्षम्य ठरते का, हा प्रश्न न्यायालयापुढे होता. १९७६ मध्ये न्यायालयाने त्याची ‘वैद्यकीय निकड’ मान्य केली आणि त्याला निर्दोष सोडले. त्यानंतर मिसिसिपी विद्यापीठाच्या सरकारी शेतात पिकवलेला गांजा संघीय सरकार त्याला पुरवू लागले. मान्य उपयोग नाही असे ज्या पदार्थाविषयी सरकार सांगत होते, तोच पदार्थ सरकार एका रुग्णाला औषध म्हणून देत होते.

१९७८ मध्ये ही सोय एका छोट्या योजनेत रूपांतरित झाली. एड्सची साथ पसरल्यावर अर्ज वाढू लागले आणि १९९२ मध्ये नव्या रुग्णांसाठी योजना बंद झाली. ज्यांना आधीपासून मिळत होते, त्या मूठभर लोकांचा पुरवठा तेवढा चालू राहिला.

मतपेटीतून आलेला हक्क

त्या वेळी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये तरुण माणसे एड्सने खंगून मरत होती. अन्न पोटात ठरत नव्हते, औषधांनी मळमळ वाढत होती. मेरी रॅथबन ही वयस्क स्वयंसेविका गांजा घातलेल्या ब्राउनी भाजून त्या रुग्णांना वाटत असे. तिला एकाहून अधिक वेळा अटक झाली, तरी तिने काम सोडले नाही. डेनिस पेरॉन या कार्यकर्त्याचा जोडीदार १९९० मध्ये एड्सने गेला. पेरॉनने पुढाकार घेऊन शहरात ठराव मांडला, रुग्णांसाठी गांजा मिळण्याचे केंद्र काढले आणि नंतर राज्यभर सह्या गोळा करण्याच्या मोहिमेत तो आघाडीवर राहिला. नोव्हेंबर १९९६ मध्ये ‘प्रस्ताव २१५’ सुमारे ५५ टक्के मतांनी मंजूर झाला.

या कायद्याची रचना नीट पाहण्यासारखी आहे. डॉक्टरची तोंडी किंवा लेखी शिफारस असलेल्या रुग्णाला, आणि त्याच्या मुख्य शुश्रूषकाला, रुग्णाच्या वैद्यकीय वापरापुरता गांजा बाळगण्याची आणि पिकवण्याची मोकळीक त्याने दिली. कर्करोग, एड्स, काचबिंदू, संधिवात, अर्धशिशी अशी नावे घेऊन शेवटी ज्या अन्य आजारात आराम पडतो तोही त्यात घातला. मात्र औषध कुठून आणायचे, याची व्यवस्था कायद्याने लावली नाही. त्यासाठी सरकारांनी योजना आखावी, असा उपदेश करून तो थांबला.

हे संरक्षण न्यायालयात कसे चालते, ते राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केले. रुग्णाला अटक होऊ शकते. पण आपण शिफारसप्राप्त रुग्ण आहोत हे दाखवून खटला सुरू होण्याआधीच तो रद्द करण्याची मागणी त्याला करता येते. खटला चाललाच, तर त्याने वाजवी शंका निर्माण केली तरी पुरे. २००४ पासून राज्याने ऐच्छिक ओळखपत्रेही सुरू केली. ज्याच्याजवळ वैध ओळखपत्र आहे त्याला अटकेपासूनच बरेचसे संरक्षण मिळते, आणि पुढे विक्रीकरातूनही सूट मिळाली. गरिबांसाठी ओळखपत्राचे शुल्क कमी किंवा माफ आहे.

दोन सरकारांच्या मध्ये रुग्ण

प्रस्ताव मंजूर होताच संघीय सरकारने डॉक्टरांना धमकावले : शिफारस कराल तर नियंत्रित औषधे लिहिण्याचा तुमचा परवाना जाईल. मार्कस कोनंट या एड्सतज्ज्ञासह काही डॉक्टर आणि रुग्ण न्यायालयात गेले. २००२ मध्ये अपील न्यायालयाने निर्णय दिला की डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातला प्रामाणिक संवाद हा भाषणस्वातंत्र्याचा भाग आहे आणि केवळ शिफारशीसाठी सरकार डॉक्टरला शिक्षा करू शकत नाही. चिठ्ठी आणि शिफारस यांतला फरक त्या दिवशी घटनात्मक झाला.

औषधाच्या बाजूने मात्र निकाल लागत नव्हते. ओकलंडच्या रुग्ण सहकारी संस्थेच्या खटल्यात २००१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की गांजा पिकवणे आणि वाटणे या बाबतीत संघीय कायद्यात वैद्यकीय निकडीला जागा नाही. सप्टेंबर २००२ मध्ये संघीय पोलिसांनी सांताक्रूझमधल्या रुग्णांच्याच एका सामुदायिक बागेवर छापा घातला आणि रोपे उपटून नेली. काही दिवसांतच शहराच्या नगरभवनाच्या आवारात, लोकप्रतिनिधींच्या उपस्थितीत, त्या संस्थेने आपल्या आजारी सभासदांना उघडपणे गांजा वाटला.

डायन मॉन्सन या महिलेची कथा आणखी बोलकी आहे. तिच्याकडे सहा रोपे होती. स्थानिक पोलिसांनी पाहून सगळे राज्याच्या कायद्याप्रमाणे असल्याचे मान्य केले. तरीही काही तासांच्या वादावादीनंतर संघीय अधिकाऱ्यांनी सहाही रोपे नष्ट केली. ती आणि एंजल रेच यांनी दावा लावला. जून २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो फेटाळला. घरी पिकवलेला, कधीही न विकलेला गांजासुद्धा देशव्यापी बाजारावर परिणाम करू शकतो, म्हणून काँग्रेसला त्यावर अधिकार आहे, असा युक्तिवाद होता. आधार होता १९४२ च्या एका शेतकऱ्याच्या घरच्या गव्हाच्या खटल्याचा. बदल हवा असेल तर कायदेमंडळाकडे जा, हेही बहुमताने सुचवले.

कायदेमंडळाने जे केले ते अर्धेमुर्धेच. २०१४ च्या अखेरीस अर्थसंकल्पात एक अट घातली गेली : राज्यांच्या वैद्यकीय गांजाच्या कायद्यांत अडथळा आणण्यासाठी न्याय खात्याने पैसा खर्च करू नये. २०१६ मध्ये अपील न्यायालयाने या अटीच्या आधारे, राज्याचे नियम काटेकोर पाळणाऱ्यांवरचे संघीय खटले थांबवले. त्याच निकालात इशाराही होता. गुन्हा पुसला गेलेला नाही. फक्त खजिन्याचे कुलूप लागले आहे. उद्या ते उघडले तर आजच्या कृत्यावर खटला होऊ शकतो. मे २०२४ मध्ये न्याय खात्याने गांजा तिसऱ्या अनुसूचीत हलवण्याचा प्रस्ताव मांडला, पण अनुसूची बदलल्याने दुकानात मिळणारा गांजा आपोआप मान्यताप्राप्त औषध ठरत नाही.

तुरुंगाबाहेरचे प्रश्न

शिक्षेपासून सुटका म्हणजे पूर्ण हक्क नव्हे, हे रुग्णांना हळूहळू कळले. पाठदुखीसाठी शिफारशीनुसार गांजा घेणाऱ्या एका कर्मचाऱ्याला लघवीच्या चाचणीमुळे नोकरी गमवावी लागली. २००८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मालकाची बाजू उचलून धरली : प्रस्ताव २१५ फौजदारी कायद्यापुरता आहे, नोकरीपुरता नाही. ही उणीव भरायला २०२४ उजाडावे लागले. आता शरीरात उरलेल्या, नशा न आणणाऱ्या अंशावरून बहुतेक मालकांना भेदभाव करता येत नाही. कामावर नशेत असणे अर्थातच संरक्षित नाही.

इतर दारेही अशी एकेक करून उघडावी लागली. २०१६ पासून केवळ वैद्यकीय गांजा घेतो म्हणून अवयवरोपण नाकारता येत नाही. २०२२ पासून मरणासन्न रुग्णाला रुग्णालयात, धूम्रपान सोडून अन्य स्वरूपात, तो घेऊ द्यावा लागतो. २०१६ च्या मतदानाने प्रौढांसाठी गांजा खुला झाल्यावर एक अनपेक्षित संकट आले : गरीब रुग्णांना फुकट वाटलेल्या मालावरही कर लागू लागला. पेरॉन आणि रॅथबन यांच्या नावाच्या कायद्याने २०२० पासून हे दान करमुक्त केले. आरोग्यविमा सहसा खर्च देत नाही. संघीय अनुदानाच्या घरांत गांजाला परवानगी नाही.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी लक्षात ठेवावी अशी बाब स्थलांतराच्या कायद्यातली आहे. नागरिक नसलेल्याला राज्याचे ओळखपत्र संघीय कायद्यापासून वाचवत नाही. नागरिकत्व खात्याने एप्रिल २०१९ मध्ये सांगितले आहे, की राज्यात कायदेशीर असलेला वापरही नागरिकत्वासाठी लागणाऱ्या ‘सद्वर्तना’च्या आड येऊ शकतो. म्हणून व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असलेल्या रुग्णाने डॉक्टरबरोबरच स्थलांतराच्या वकिलाचाही सल्ला आधी घ्यावा. आईवडिलांच्या गुडघेदुखीसाठी तिथल्या दुकानातल्या गोळ्या सामानात घालून आणणे तर त्याहून धोक्याचे. ते ओळखपत्र मुंबईच्या विमानतळावर निव्वळ कागद असते.

औषधाची कुवतही नेमकी जाणून घ्यायला हवी. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या २०१७ च्या अहवालाने प्रौढांतल्या दीर्घकालीन वेदना, केमोथेरपीची मळमळ आणि मल्टिपल स्क्लेरॉसिसमधला स्नायूंचा ताठरपणा या तीन बाबतींत पुरावा भक्कम मानला. गांजातला कॅनाबिडिऑल हा घटक दोन दुर्मीळ अपस्मारांसाठी २०१८ मध्ये रीतसर मंजूर झाला. याच अहवालात मनोविकार आणि वाहन अपघात यांच्याशी असलेला संबंधही नोंदवलेला आहे. काचबिंदूसाठी आज त्याहून चांगली औषधे उपलब्ध आहेत.

आपल्याकडचा आरसा

१९८५ च्या आपल्या अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांशिवायची पाने त्या व्याख्येत बसत नाहीत. भांग केंद्राच्या कायद्यातून सुटते ती यामुळे. महाराष्ट्रात मात्र तिच्यावर दारूबंदी कायद्याचे बंधन आहे. पानांपासून केलेली ‘विजया’युक्त आयुर्वेदिक औषधे वैद्यांच्या देखरेखीखाली परवान्याने विकली जातात. याच कायद्याचे आठवे कलम सर्व बंदीला ‘वैद्यकीय आणि वैज्ञानिक’ कारणांचा अपवाद करते आणि दहावे कलम राज्यांना लागवडीचे नियम करण्याचा अधिकार देते. म्हणजे दार आहे. पण गांजाची शिफारस झालेल्या रुग्णाला अटकेपासून वाचवणारी कॅलिफोर्नियासारखी तरतूद नाही.

दार असून उपयोग नसतो, हे आपण मॉर्फिनच्या बाबतीत अनुभवले आहे. मॉर्फिनवर बंदी कधीच नव्हती. पण वेगवेगळ्या खात्यांचे परवाने आणि कठोर शिक्षेची धास्ती यांमुळे रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडले. १९८५ मध्ये देशात वर्षाला ५०० किलोहून अधिक मॉर्फिन वापरले जात होते. १९९७ पर्यंत ते २० किलोच्या खाली गेले. ज्या देशात अफू पिकते, तिथे कर्करोगाचे रुग्ण वेदनेने तळमळत मेले. केरळमधले डॉक्टर आणि स्वयंसेवक, मुंबईतले टाटा रुग्णालय आणि १९८६ मध्ये वांद्र्याला सुरू झालेले शांती आवेदना सदन यांसारख्या ठिकाणच्या शुश्रूषेने, आणि सर्वोच्च न्यायालयातल्या याचिकेने हा प्रश्न लावून धरला. अखेर २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिनसह ‘अत्यावश्यक’ वेदनाशामकांसाठी देशभर एकच नियम आणि एकच परवाना अधिकारी ठरवला.

दोन्ही देशांच्या अनुभवातून एकच गोष्ट निघते. बंदीच्या कायद्यात रुग्णासाठी अपवाद लिहिणे सोपे असते. तो अपवाद पोलिसाला, औषध दुकानदाराला, मालकाला आणि डॉक्टरला निर्धास्तपणे पाळता येईल इतका स्पष्ट करणे अवघड. मॉर्फिनसाठी आपल्याला त्याला २९ वर्षे लागली. गांजाच्या औषधी उपयोगावर आपल्याकडे संशोधन होईल, नियम होतील, तेव्हा पहिला प्रश्न लागवडीच्या परवान्याचा किंवा महसुलाचा नसावा. औषधाची बाटली घेऊन घरी निघालेल्या आजारी माणसाला रस्त्यात अडवले, तर त्याने कोणता कागद दाखवायचा आणि तो कागद कोणाला मानावाच लागेल, याचे उत्तर आधी लिहिलेले असावे.