घारीला पाणी पाजू नका

मागच्या आठवड्यात देवनारच्या कचराभूमीवर घारी का जमतात ते पाहिलं. 1927 पासून मुंबईचा कचरा तिथे पडतो, 1971 पासून जवळच कत्तलखाना आहे. मानखुर्द-गोवंडीच्या आभाळात घारींची वर्दळ त्यामुळेच. एवढ्या घारी म्हटल्यावर काही खाली पडणारच. त्या पडल्या की पुढे काय, हा आजचा विषय.

जानेवारीत पडतात त्या मांजामुळे. पतंग संक्रांतीला संपतात, मांजा संपत नाही. मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडच्या गच्च्यांवरून तुटलेला दोरा तारांवर, पिंपळांवर लोंबकळत राहतो आणि ऐन विणीच्या हंगामात घारींना कापतो. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली. तरीही तो कुठे मिळतो, हे गल्लीतलं कुठलंही पोर सांगेल.

घारीचा पंख उघडून पाहिला तर खांद्यापासून मनगटापर्यंत, पुढच्या कडेला, कातडीचा पातळ पडदा ताणलेला दिसतो. त्याच्या काठाने एक बारीक कंडरा जातो. मांजा नेमका तिथेच बसतो आणि सुटण्यासाठी घार जसजशी झटके देते तसतसा आत रुततो. मोडलेलं हाड पुष्कळदा जुळतं. हा कंडरा तुटून पडदा आकसला, तर मात्र पंख पुन्हा पुरा उघडेल याची खात्री नाही. म्हणून अडकलेला मांजा ओढायचा नाही. दोन्ही बाजूंनी कापायचा आणि रुतलेला तुकडा तसाच ठेवून पक्षी डॉक्टरांकडे न्यायचा.

जखमी पक्षी दिसला की कुणीतरी वाटीत पाणी घेऊन धावतंच, आणि घात तिथेच होतो. घारीच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या लगेच मागे असतं. चोच उघडून पाणी ओतलं की ते सरळ फुप्फुसात जाऊ शकतं. सलाईन किती आणि कसं द्यायचं, हे जाणकारांचं काम. आपलं काम एवढंच : अंगावर जाड टॉवेल टाकायचा, पाय आधी धरायचे, कारण घारीचं हत्यार चोच नव्हे, नख्या, आणि टेबलफॅन मावेल एवढ्या, भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवून झाकण लावायचं. अंधारात ती शांत होते. पोपटाचा पिंजरा नको. तारांवर आपटून पिसं मोडतात, आणि मोडलेलं पीस झडून नवं येईपर्यंत अख्खा हंगाम जाऊ शकतो. अशा वेळी जाणकार लोक दुसऱ्या घारीचं झडलेलं पीस बांबूच्या सळईने मोडक्या पिसाच्या बुडख्याला जोडून देतात. शिकारी ससाणे पाळणाऱ्यांची ही फार जुनी युक्ती, आजही तितकीच चालते.

उन्हाळ्याकडे झुकताना पिल्लांची पाळी येते. झाडाखाली सापडलेलं प्रत्येक पिल्लू अनाथ नसतं. पिसं आलेलं पिल्लू उडायला शिकताना खाली येतंच. वर पाहा, आईबाप घिरट्या घालत असतात, तुमच्या डोक्यावर झेप घेतील तेही त्याच्यापायीच. जखम नसेल तर त्याला कुत्र्या-मांजरांपासून दूर, उंच फांदीवर ठेवायचं आणि आपण बाजूला व्हायचं. माणसाचा हात लागला म्हणून आई पिल्लू टाकते, ही निव्वळ कंडी आहे. पांढुरकी लव असलेलं लहान पिल्लू मात्र पक्ष्यांच्या उपचार केंद्रातच जायला हवं.

घरी ठेवून त्याला चिकनचा खिमा भरवणारे प्रेमळ लोक मी पाहिले आहेत. नुसत्या मांसात कॅल्शियम नगण्य असतं. पिल्लू गुटगुटीत दिसतं आणि हाडं आतून वाकत जातात. सरळ शब्दांत, मुडदूस. त्याला हाडासकट, पिसा-केसांसकट भक्ष्य लागतं. न पचलेल्या भागाची गोळी ते नंतर ओकून टाकतं आणि तो आजार नव्हे. दुसरं नुकसान स्वभावाचं. रोज माणसाचा चेहरा पाहून चोच उघडणारं पिल्लू माणसालाच आपलं समजतं. चांगल्या केंद्रात म्हणूनच शक्य तेवढं आडोशाने भरवतात, त्याच वयाच्या पिल्लांसोबत ठेवतात, आणि कुणी लाडाने नाव ठेवत असेल तर त्याला दटावतात. मला हे दटावणं फार आवडतं.

दिल्लीत नदीम शहजाद आणि मोहम्मद सौद या भावांनी घारींवर उपचार सुरू केले, कारण पक्ष्यांच्या एका धर्मादाय रुग्णालयाने मांसाहारी पक्षी म्हणून घार दाखल करून घ्यायला नकार दिला होता. त्यांच्यावरचा ‘ऑल दॅट ब्रीद्स’ हा माहितीपट 2023 मध्ये ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. आपल्याकडे परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे, जुन्या मुंबईकरांचं बैलघोडा हॉस्पिटल.

बरी झालेली घार लगेच सोडत नाहीत. मोठ्या पिंजऱ्यात या टोकाच्या दांडीवरून त्या टोकाला ती न धापता, दोन्ही पंख सारखे मारत जाते का, ते पाहतात. सोडायचं शक्यतो जिथे सापडली तिथेच, ऊन तापून हवा वर चढू लागल्यावर आणि दिवस भरपूर शिल्लक असताना. मानखुर्दची घार मानखुर्दलाच. खाणं कुठे आहे ते तिला ठाऊक असतं.

घार हा वन्यजीव आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ती घरी ठेवणं, मग हेतू कितीही चांगला असो, गुन्हा ठरतो. वन विभागाचा मदत क्रमांक 1926. खोक्याचं झाकण लावलं की आधी तो फिरवा.