खाडीपलीकडचे सर्व्हर : ठाणे-डोंबिवलीतून चाललेल्या देखरेखीचा मागोवा

ठाणे स्थानकापासून पायी थोड्याच अंतरावर असलेला टेंभी नाका आणि खाडीपलीकडे ऐरोली, रबाळे, महापे अशी ठाणे-बेलापूर रस्त्यालगत पसरत गेलेली डेटा सेंटरे यांच्यातले अंतर नकाशावर किरकोळ दिसते. परंतु गेल्या तीस वर्षांत या पट्ट्यात सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसांचे काम मुख्यतः याच अंतराने घडवले. सर्व्हर म्हणजे इतर संगणकांना अहोरात्र सेवा पुरवणारा संगणक, आणि डेटा सेंटर म्हणजे असे शेकडो-हजारो सर्व्हर अखंड वीज आणि गारवा देऊन जिथे ठेवले जातात ती इमारत. सर्व्हर बंद पडायला वेळकाळ लागत नाही. तो सांभाळणारा, कळवा, डोंबिवली किंवा कल्याणला राहणारा माणूस मात्र रोजचे दोन-तीन तास गाडीत असतो, रात्री घरी असतो आणि रविवारी मेगाब्लॉकच्या, म्हणजे दुरुस्तीसाठी रेल्वेमार्ग काही तास बंद ठेवण्याच्या, तावडीत असतो. मोबाइलवरून सर्व्हरवर नजर ठेवणे आणि मोबाइलवरून तो हाताळणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पहिली या भागात फार लवकर आली, दुसरी फार उशिरा आली, आणि मधल्या वर्षांत या दोहोंतली दरी माणसांनी प्रवास करून आणि झोप मोडून भरून काढली.

या मागोव्याचा आरंभ १९९५ साली धरता येतो. त्या वर्षी ३१ जुलैला भारतात मोबाइल सेवेचा पहिला कॉल झाला, १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले, आणि त्याच वर्षी फिनलंडमध्ये तातू युलोनेन यांनी एसएसएच ही प्रणाली लिहिली. त्याआधी दूरच्या यंत्रात शिरण्यासाठी टेलनेट वापरत. त्यात पासवर्ड जसाच्या तसा तारेवरून जाई आणि मधे कान लावून बसलेल्या कोणालाही तो वाचता येई. युलोनेन यांच्या विद्यापीठाच्या जाळ्यावर असे पासवर्ड चोरले गेल्यानंतर त्यांनी सगळे संभाषण कूटबद्ध करणारी, म्हणजे किल्ली नसलेल्याला न उलगडणाऱ्या रूपात पाठवणारी, ही पद्धत तयार केली. या तीन घटनांचा परस्परांशी संबंध तेव्हा कोणाला दिसण्याचे कारण नव्हते. पुढे दहा-बारा वर्षांनी त्या एकाच हँडसेटमध्ये एकत्र आल्या.

मोबाइलचा सर्व्हरच्या कामातला पहिला उपयोग मात्र साध्या बोलण्याचा होता. रात्रपाळीचा ऑपरेटर फोन करी आणि पलीकडचा जाणता माणूस पडद्यावर काय दिसते ते विचारून एकेक आज्ञा अक्षराअक्षराने सांगे. आज्ञेतली एक मोकळी जागा चुकली तर भलतीच फाइल पुसली जाण्याचा धोका असल्याने ‘स्पेस द्या, मग डॅश, अंडरस्कोअर नाही, डॅश, आता एंटर मारू नका, आधी वाचून दाखवा’ अशा बोलण्यात बराच वेळ जाई. येणाऱ्या कॉललाही पैसे पडत होते, त्यामुळे असा अर्धा तास खिशाला जाणवत असे. १ मे २००३ पासून कॉल करणाऱ्यानेच पैसे देण्याची पद्धत लागू झाली आणि येणारे कॉल मोफत झाले, तेव्हा हा भार उतरला. डेटा सेंटरच्या कर्मचाऱ्याने दूरच्या ग्राहकाच्या सांगण्यावरून बटण दाबणे किंवा तार बदलणे, ही सेवा ‘रिमोट हँड्स’ या नावाने आजही चालू आहे. ती याच पद्धतीचे व्यवस्थित रूप म्हणावी लागेल.

नजर ठेवण्याचे काम यंत्राकडे सोपवता येते, हे तोवर सिद्ध झालेले होते. माइक म्यूस यांनी १९८३ साली लिहिलेला पिंग हा लहानसा प्रोग्राम ‘आहेस का?’ एवढेच विचारतो आणि उत्तर किती वेळात आले ते सांगतो. ईथन गॅलस्टॅड यांनी १९९९ साली नेटसेंट या नावाने आणलेल्या आणि २००२ साली नागिओस हे नाव घेतलेल्या मोफत प्रणालीने याच प्रश्नाला शिस्त लावली : दर काही मिनिटांनी प्रत्येक सर्व्हरला विचारायचे, डिस्क किती भरली, मेमरी किती उरली, वेबसाइट उघडते का, आणि ठरवलेली मर्यादा ओलांडली की इशारा द्यायचा. इशारा ईमेलने पाठवणे सोपे होते, पण त्यात एक मूलभूत खोट होती. जी जोडणी तुटल्याची बातमी द्यायची, त्याच जोडणीवरून बातमी पाठवायची असेल तर ती पोहोचणारच नाही. म्हणून देखरेखीच्या संगणकाला सिमकार्ड घातलेला जीएसएम मोडेम जोडण्याची रीत पडली. कचेरीचे इंटरनेट गेले तरी मोबाइलच्या स्वतंत्र जाळ्यावरून एसएमएस निघे. एका संदेशात १६० रोमन अक्षरे मावत, आणि त्यात यंत्राचे नाव, बिघडलेली सेवा, स्थिती व वेळ एवढे बसवावे लागे. ‘मेल-२, डिस्क, क्रिटिकल, ९६ टक्के, ०२:४०’ एवढ्या ओळीवरून, ही लॉग फाइल फुगली असावी आणि सकाळपर्यंत थांबता येईल, की मेलची रांग तुंबली आहे आणि आत्ताच उठावे लागेल, याचा अदमास अनुभवी माणूस अंधारात पडल्यापडल्या बांधत असे. हा अदमास हेच त्या कामातले खरे कसब होते, आणि ते कोणत्याही पदविकेत शिकवले जात नव्हते.

या एसएमएसना दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या एका नियमाची अनपेक्षित झळ बसली. जाहिरातींचा उपद्रव रोखण्यासाठी सप्टेंबर २०११ पासून एका सिमकार्डावरून दिवसाला १०० संदेशांची मर्यादा आली आणि ती लवकरच २०० करण्यात आली. एक मुख्य स्विच बंद पडला की त्यामागचे सगळे सर्व्हर एकदम ‘बंद’ दिसतात आणि प्रत्येकाचा वेगळा इशारा निघतो, त्यामुळे ही मर्यादा एका बिघाडात संपू शकत होती. कोणते यंत्र कोणाच्या मागे आहे हे प्रणालीला सांगून ठेवायचे आणि पुढचे बंद असेल तर मागच्यांचे इशारे दाबायचे, ही नागिओसमध्ये आधीपासून असलेली पण आळसाने वगळली जाणारी सोय मग गरजेची ठरली.

बातमी हाती येऊनही हात पोहोचत नव्हता, ही खरी अडचण होती. नोकियाच्या ई-६१ आणि ई-७१ या पूर्ण कीबोर्ड असलेल्या हँडसेटांवर पुटी या प्रसिद्ध प्रोग्रामची सिंबियन आवृत्ती चाले, आणि साध्या जावा फोनवर मिडपी-एसएसएच. परंतु सर्व्हरच्या आज्ञांना लागणाऱ्या कंट्रोल, एस्केप, टॅब या कळा फोनवर नव्हत्या, त्या मेनूमधून शोधाव्या लागत. जीपीआरएसवर, म्हणजे त्या काळच्या संथ मोबाइल इंटरनेटवर, दाबलेले अक्षर पडद्यावर उमटायला इतका उशीर लागे की ते दाबले गेले की नाही या शंकेने पुन्हा दाबले जाई. त्यातही रेल्वेचा प्रवास ही वेगळीच कसोटी होती. कळवा आणि मुंब्रा यांच्यामधला, १९१६ पासून वापरात असलेला सुमारे १.३ किलोमीटरचा पारसिक बोगदा जलद लोकलच्या मार्गावर होता, आणि गाडी आत शिरली की फोनची जोडणी तुटे. एसएसएचची जोडणी तुटली की तिच्यावरून चालू केलेले कामही सर्व्हर सहसा बंद करतो, म्हणून डेटाबेसची दुरुस्ती अर्ध्यावर सोडून बोगद्यात शिरणे म्हणजे नवा बिघाड ओढवून घेणे होते. त्यावर उपाय म्हणजे ग्नू स्क्रीन किंवा टीमक्स : हे प्रोग्राम काम सर्व्हरवरच जिवंत ठेवतात आणि माणूस नंतर येऊन त्यालाच पुन्हा जोडून घेतो. २०१२ साली अमेरिकेतील एमआयटीच्या कीथ विन्स्टीन आणि हरी बालकृष्णन यांनी मांडलेला मॉश हा प्रोग्राम आणखी पुढे गेला; फोनचा पत्ता बदलला किंवा जाळे काही काळ नाहीसे झाले तरी जोडणी टिकते, आणि दाबलेले अक्षर सर्व्हरच्या उत्तराची वाट न पाहता अंदाजाने लगेच पडद्यावर दाखवले जाते. तो जणू लोकलच्या प्रवाशांसाठीच घडवला असावा, असे त्याचे वर्णन वाचताना वाटते. पुढे २०२२ साली ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली आणि जलद लोकल बोगद्याबाहेरून धावू लागल्या.

सर्व्हर चालू असेल तरच ही साधने उपयोगी. तो गोठला तर एसएसएचला उत्तर देणारा कोणीच उरत नाही. त्यासाठी सर्व्हरच्या आत स्वतंत्र जाळेजोडणी असलेला एक लहान संगणक बसवला जाऊ लागला, जो मुख्य यंत्र निपचित असतानाही जागा राहतो आणि ते बंद-चालू करू शकतो. इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी यांनी १९९८ साली आयपीएमआय या नावाने त्याचे समान नियम ठरवले. रविवारच्या कामात याचे मोल विशेष होते, कारण ग्राहक कमी म्हणून सर्व्हरची देखभाल रविवारी ठेवली जाते आणि प्रवासी कमी म्हणून रेल्वेचा मेगाब्लॉकही रविवारीच असतो. बिघाडाची शक्यता सर्वाधिक त्याच दिवशी पोहोचण्याची शक्यता सर्वांत कमी. ठाणे ते वाशी ट्रान्स-हार्बर मार्ग नोव्हेंबर २००४ मध्ये सुरू होऊन रबाळे-घणसोली जवळ आले, पण २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा गाड्या, रस्ते आणि मोबाइल ही तिन्ही साधने एकाच वेळी कोलमडली.

स्मार्टफोन आल्यावर आणि विशेषतः सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू होऊन डेटा स्वस्त झाल्यावर हातात नसलेले काही राहिले नाही, असे चित्र निर्माण झाले. त्याच वर्षी जूनमध्ये अ‍ॅमेझॉनने मुंबईत आपला क्लाउड विभाग उघडला. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या डेटा सेंटरमधले भाड्याने घेतलेले सर्व्हर, ज्यांचे बटण मुळातच दूरवर असते. तरीही जाळ्याची मर्यादा संपली नव्हती. आनंद दिघे यांनी सुरू केलेल्या टेंभी नाक्याच्या नवरात्रोत्सवाला जी गर्दी लोटते, तशा ठिकाणी एका टॉवरची क्षमता हजारो फोनांत वाटली जाते. अशा वेळी फोनवर सिग्नलच्या पट्ट्या पूर्ण दिसत असूनही डेटा हलत नाही, पण लहानसा एसएमएस बहुधा वाट काढतो, आणि म्हणूनच जाणत्या गटांनी जुना मोडेम मोडीत काढला नाही. दुसरी बाजू माणसाची होती. रबाळ्याचा हेलपाटा वाचला हे खरे, परंतु ‘उद्या पोहोचल्यावर बघतो’ हे वाक्यही त्यासोबत गेले. देवीच्या दर्शनाच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत, आजारी माणसाच्या उशाशी फोन वाजू लागला. त्याबद्दल पाळी लावणे, भत्ता देणे आणि जागरणानंतर सुट्टी देणे हे ज्या व्यवस्थेने केले नाही, तिने तंत्रज्ञानाचा लाभ स्वतःकडे ठेवून भार कर्मचाऱ्याच्या घरावर टाकला, असेच म्हटले पाहिजे.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत लोकल सर्वसामान्यांसाठी बंद झाली आणि घरून सर्व्हर सांभाळण्याची जी सोय अडीअडचणीची होती ती नित्याची रीत बनली. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला सकाळी दहाच्या सुमारास पडघा-कळवा या ४०० किलोव्होल्ट वाहिन्यांतील बिघाडामुळे मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज गेली. डेटा सेंटरे अशा प्रसंगासाठीच बॅटऱ्या आणि डिझेल जनरेटर बाळगतात. घरातला राउटर, इमारतीतला ब्रॉडबँडचा स्विच यांच्यामागे तसा आधार नसतो आणि टॉवरची बॅटरी मोजक्या तासांची असते. सर्व्हर चालू आणि सांभाळणारा अंधारात, असा उलटा प्रसंग त्यामुळे संभवतो, हे त्या दिवशी पट्ट्यातल्या घराघरांना कळले. राज्याच्या विजेवर दूरस्थ देखरेख ठेवणारे भार प्रेषण केंद्रही याच पट्ट्यात, ऐरोलीला आहे.

फोन हीच किल्ली झाल्यावर तो गर्दीत हरवणे ही सुरक्षेची घटना ठरू लागली, म्हणून थेट सर्व्हरवर न जाता सगळ्या हालचालींची नोंद ठेवणाऱ्या मधल्या यंत्रातून जाण्याची आणि पासवर्डसोबत दुसरी खूण मागण्याची पद्धत रूढ झाली. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाने नोंदी १८० दिवस जपणे आणि सायबर घटना सहा तासांत कळवणे बंधनकारक केले. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा प्रणालीच्या एका सदोष फाइलमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे निळ्या पडद्यावर अडकली. यंत्र सुरूच होत नसल्याने त्यावरचा कोणताही दूरस्थ प्रोग्राम उपयोगाचा नव्हता. ज्या सर्व्हरांत तो लहान जागता संगणक होता त्यांना घरून सेफ मोडमध्ये नेऊन फाइल काढता आली, आणि उरलेल्या अनेक यंत्रांपुढे माणूस नेऊन बसवावा लागला, कूटबद्ध डिस्कची ४८ अंकी किल्ली हाताने टाइप करत.