आष्टीची नागपंचमी
लेखमाला : स्मरणाच्या जागा – भाग सहावा

मागच्या आठवड्यात आपण पवनारला होतो. १७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबांनी तिथे युद्धाविरुद्ध भाषण केले आणि वैयक्तिक सत्याग्रह सुरू झाला. आज वर्धा जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या आष्टीला जायचे आहे. या गावाचे नाव ‘आष्टी (शहीद)’ असे लिहितात. ते का, हे वर्ध्यातल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पण या नावामागची घटना युद्धकाळातली आहे, हे मात्र मोठ्यांच्याही ध्यानात राहत नाही.

आपण बेचाळीस शिकतो ते स्वातंत्र्यलढ्याच्या धड्यात, आणि दुसरे महायुद्ध दुसऱ्याच धड्यात. दोन्ही एकाच वेळी चालू होते. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले, मार्चमध्ये रंगून गेले, एप्रिलमध्ये विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर जपानी बॉम्ब पडले. १९३९ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्यापासून मध्य प्रांत-वऱ्हाडात गव्हर्नरचा कारभार होता. १४ जुलै १९४२ रोजी वर्ध्यातच काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजी सत्ता हटवण्याचा ठराव केला. ८ ऑगस्टला मुंबईत त्यावर शिक्कामोर्तब झाले आणि ९ ऑगस्टच्या पहाटे पुढारी गजाआड गेले. युद्धाच्या धास्तीत असलेले सरकार आणि पुढाऱ्यांविना उरलेली माणसे आता समोरासमोर आली होती. आष्टीत काय घडले ते समजून घ्यायचे तर दोन्ही बाजूंची ही अवस्था ध्यानात ठेवावी लागते.

तो दिवस १६ ऑगस्ट १९४२, रविवार, नागपंचमी. आष्टी तेव्हा आर्वी तहसिलीत होती. आपल्याकडे नागपंचमीला नांगर चालवत नाहीत, जमीन खणत नाहीत. ऐन ऑगस्टात, निंदण-डवरणीच्या दिवसांत, शेतकरी आणि शेतमजूर एरवी शेतातून हलत नाहीत. त्या दिवशी मात्र ते मोकळे असतात. त्यात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांनी गावोगावची तरुण पोरे आधीच भारलेली होती. (महाराजांना ऑगस्टच्या अखेरीस चांद्यात अटक झाली. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात काही महिने काढल्यावर डिसेंबरात त्यांची सुटका झाली.) त्या दिवशी पोलीस ठाण्यावर मोठा जमाव चालून गेला. तो एका दिवशी कसा जमला, याचे उत्तर मला भजनांइतकेच या सुटीच्या दिवसातही दिसते.

लोक ठाण्यावर तिरंगा लावायला निघाले होते. ठाण्यातून गोळ्या सुटल्या. डॉ. गोविंद मालपे, केशव ढोंगे, उदेभान कुबडे, पंची गोंड, रशीद खाँ ही त्या दिवशी धारातीर्थी पडलेल्यांतली नावे. एक डॉक्टर, एक गोंड, एक मुसलमान, बाकी गावातलीच माणसे. ही यादी मुद्दाम कुणी जुळवलेली नाही, गावात जशी वस्ती होती तशी ती झाली. म्हणूनच ती मोठ्याने वाचली जावी असे मला वाटते.

गोळीबारानंतर जमावाचा संयम सुटला. ठाण्याचा फौजदार आणि त्याचे शिपाई मारले गेले. अभिवादनाच्या भाषणांत हा भाग एका वाक्यात उरकतात, कधी तेवढाही सांगत नाहीत. मला हे पटत नाही. ते शिपाई सरकारचे नोकर होते, हुकूम पाळत होते, आणि त्यांच्याही घरी त्या दिवशी नागपंचमी होती. त्यांचा उल्लेख केल्याने मालप्यांचे मरण हलके होत नाही. उलट पुढची तीन वर्षे आष्टीने काय सोसले ते त्याशिवाय कळतच नाही.

कारण खरी शिक्षा नंतर आली. त्याच दिवशी शेजारच्या चांदा जिल्ह्यातल्या चिमूरलाही असेच घडले होते. म्हणून ‘चिमूर-आष्टी’ हे जोडनाव सरकारी कागदांत आणि लोकांच्या तोंडी एकत्रच बसले. धरपकड झाली, युद्धकाळातल्या वटहुकमांच्या जोरावर खटले चालले आणि फाशीच्या शिक्षा सुनावल्या गेल्या. नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांनी या कैद्यांना वाचवण्याचा ध्यास घेतला. अर्ज, वकील, पत्रे, भेटीगाठी, सभा हे सारे नेटाने चालू राहिले. १९४५ मध्ये फाशीच्या शिक्षा रद्द होऊन जन्मठेपेत बदलल्या. गळ्याभोवतीचा दोर निघेपर्यंत आष्टी-चिमूरच्या घरांत किती रात्री गेल्या असतील! या बाईंचे नाव स्मृतिदिनाच्या भाषणांत ठळकपणे यायला हवे.

आता स्मृतिदिनाकडे येऊ. आष्टीत हुतात्म्यांना अभिवादन होते ते नागपंचमीला, तिथीने. त्यामुळे तारीख दरवर्षी सरकते. २०२२ मध्ये, घटनेला ऐंशी वर्षे झाली तेव्हा, नागपंचमी २ ऑगस्टला आली. २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे ती २१ ऑगस्टला गेली. २०२४ मध्ये ती नेमकी ९ ऑगस्टला, क्रांतिदिनी पडली. साधारण १९ वर्षांनी तिथी आणि तारीख पुन्हा जवळ येतात. त्या हिशेबाने १९४२ पासूनचा चौथा फेरा २०१८ मध्ये पुरा झाला. त्या वर्षी नागपंचमी १५ ऑगस्टला होती! सरकारी कार्यक्रमपत्रिकेला तारीख सोयीची, हे खरे. पण तिथीमुळे हा दिवस घराघरांत शिरतो. वारुळाच्या पूजेला निघालेल्या आजीला तो आठवावा लागत नाही. हे तिथीचे बळ गावाने सोडू नये.

अडचण वेगळी आहे. दीर्घकाळ या दिवसाचा गाभा होते ते स्वातंत्र्यसैनिक. व्यासपीठावर पांढरी टोपी घालून बसलेली, हार घालून घेताना संकोचणारी ही माणसे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, केंद्राने त्यांच्यासाठी निवृत्तिवेतन सुरू केले, ताम्रपटही दिले. पुढे अंतुले मुख्यमंत्री असताना राज्यभर हुतात्मा स्मारके उभी राहिली. आता हिशेब करा. बेचाळीसमध्ये सोळा वर्षांचा असलेला मुलगा १९२६ चा. म्हणजे तेव्हाचे पोरसवदे साक्षीदारही शंभरीच्या घरातले. यापुढचे स्मृतिदिन ज्यांनी पाहिले त्यांच्याविना होणार आहेत.

हा प्रश्न जगभर आहे. जून २०२४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्त सैन्याच्या चढाईला ऐंशी वर्षे झाली. तेव्हा तिथे आलेले बहुतेक निवृत्त सैनिक शंभरीच्या आसपासचे, चाकांच्या खुर्चीतले होते. हिरोशिमाने मात्र वेळीच तजवीज केली. २०१२ पासून ते शहर अणुबॉम्बमधून वाचलेल्यांच्या आठवणी पुढे सांगणारी माणसे तयार करते. एका माणसाने एका साक्षीदाराजवळ बसायचे, त्याची हकीकत नीट ऐकून घ्यायची, तपासायची आणि त्याच्या पश्चात त्याच्या वतीने सांगायची. ही जबाबदारी घेणाऱ्यांना रीतसर प्रशिक्षण दिले जाते.

आष्टीत हे जमण्याजोगे आहे. साक्षीदार गेले, पण त्यांच्या मुली-सुना आहेत. आई कुठे लपली, बाप तुरुंगात असताना पेरणी कुणी केली, शिधा कुठून आला, हे त्यांनी घरात ऐकलेले आहे. गावातल्या शाळांनी नववीच्या मुलांना एकेक घर वाटून द्यावे. मुलांनी हकीकत त्या बाईंच्याच बोलीत टिपावी, खटल्याच्या कागदांशी आणि जिल्ह्याच्या गॅझेटिअरशी ताडून पाहावी, आणि नागपंचमीला पाहुण्यांच्या भाषणांआधी दोन मुलांनी ती सांगावी. पाहुण्यांची भाषणे निम्म्यावर आली तरी चालतील. मारल्या गेलेल्या शिपायांच्या घरांचा मागही कुणीतरी काढावा. ते काम अवघड आहे, पण गावच्या पोरांना ते झेपेल.

चिमूर-आष्टीच्या दडपशाहीची चौकशी व्हावी म्हणून प्रा. जयकृष्ण भन्साळी यांनी ६३ दिवस उपोषण केले. त्याच्या बातम्यांवर सरकारने बंदी घातली, म्हणून ६ जानेवारी १९४३ रोजी देशभरातल्या वृत्तपत्रांनी एक दिवस अंक काढला नाही. पुढच्या भागात त्या उपोषणाची आणि त्या न निघालेल्या अंकांची हकीकत.