पूर्वनियोजित शस्त्रक्रिया व महासाथ

रुग्णाच्या जीविताला तत्काळ धोका नसल्यामुळे जिची तारीख आगाऊ ठरविता येते, अशा शस्त्रक्रियेस पूर्वनियोजित किंवा ऐच्छिक शस्त्रक्रिया म्हणतात. अपघात, आंत्रपुच्छदाह, अडलेले बाळंतपण इ. प्रसंगी करावी लागणारी तातडीची शस्त्रक्रिया हिच्याहून वेगळी होय. मोतीबिंदू, अंतर्गळ, पित्ताशयातील खडे, गर्भाशयभ्रंश, मुलांचे दुभंगलेले ओठ व टाळू यांवरील शस्त्रक्रिया, झिजलेल्या गुडघ्याच्या जागी कृत्रिम सांधा बसविणे, तसेच कर्करोगाच्या बहुतेक गाठी काढणे यांचा पूर्वनियोजित शस्त्रक्रियांत समावेश होतो. ‘ऐच्छिक’ ही संज्ञा रूढ असली, तरी ती दिशाभूल करणारी आहे. इच्छेला वाव असतो तो तारखेपुरता. शस्त्रक्रियेची गरज ऐच्छिक नसते. कोव्हिड-१९ च्या महासाथीत सार्वजनिक रुग्णालयांतील अशा शस्त्रक्रिया जगभर थांबविण्यात आल्या, तेव्हा या संज्ञेतील दोष ठळकपणे पुढे आला.

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी या साथीला महासाथ असे संबोधले. त्यानंतर १७ मार्च रोजी इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने आपल्या रुग्णालयांना तातडीच्या नसलेल्या सर्व शस्त्रक्रिया उशिरात उशिरा १५ एप्रिलपासून किमान तीन महिने पुढे ढकलण्यास सांगितले, सु. एक लाख खाटांपैकी ३०,००० मोकळ्या करणे हा त्यामागील हेतू होता. भारताच्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २० मार्च रोजी अशाच आशयाची सूचना दिली.

खाटांची टंचाई हे याचे एक कारण होते, परंतु ते एकमेव नव्हते. शस्त्रक्रियागृहातील शुद्धिहरण यंत्राला कृत्रिम श्वसनाची जोड असते आणि शुद्धिहरणतज्ञ रुग्णाच्या श्वासनालात नळी घालण्यात निष्णात असतो. अतिदक्षता विभागाला हेच यंत्र व हाच तज्ञ हवा होता. शस्त्रक्रियेनंतर रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत त्याला ज्या कक्षात ठेवतात, तेथे अनेक ठिकाणी अतिदक्षतेच्या खाटा मांडण्यात आल्या. शिवाय शस्त्रक्रियागृहात बाहेरची धूळ व जंतू येऊ नयेत म्हणून आतील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा अधिक ठेवलेला असतो. संसर्गित रुग्णाच्या बाबतीत हीच व्यवस्था उलटते. कारण विषाणुयुक्त हवा बाहेरच्या मार्गिकेत ढकलली जाते. त्यामुळे हवेची रचना बदलावी लागली, दोन शस्त्रक्रियांमध्ये अधिक वेळ सोडावा लागला आणि दिवसाकाठी होणाऱ्या शस्त्रक्रियांची संख्या घटली.

रुग्णालाही धोका होता. मे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात २४ देशांतील २३५ रुग्णालयांमधील १,१२८ रुग्णांची पाहणी करण्यात आली. शस्त्रक्रियेच्या आगेमागे कोव्हिड झालेल्या या रुग्णांपैकी २३·८% तीस दिवसांत दगावले व निम्म्याहून अधिक रुग्णांना फुप्फुसांचे उपद्रव झाले. याच संशोधकगटाने पुढे १,४०,२३१ रुग्णांच्या नोंदी तपासल्या आणि संसर्गानंतर किमान सात आठवडे शस्त्रक्रिया टाळावी, असा निष्कर्ष २०२१ मध्ये मांडला.

लांबणीवर पडलेल्या शस्त्रक्रियांचा या गटाने केलेला अंदाज असा : व्यत्ययाच्या ऐन बारा आठवड्यांत जगभरात सु. २ कोटी ८४ लक्ष, त्यांपैकी भारतात सु. ५ लक्ष ८४ हजार. हा आकडा गणिती प्रतिकृतीवरून काढलेला आहे, प्रत्यक्ष मोजलेला नाही, हे ध्यानात ठेवावयास हवे.

इंग्लंडमध्ये प्रत्यक्ष मोजणी होते. तेथे नियोजित उपचारांसाठी थांबलेल्या रुग्णांची यादी दरमहा प्रसिद्ध केली जाते. साथीच्या प्रारंभी मात्र ही यादी वाढण्याऐवजी आखडली. फेब्रुवारी २०२० मध्ये ती सु. ४४ लक्ष होती, ती मे महिन्यात ३९ लक्षांच्याही खाली आली. रुग्ण बरे झाले असे नव्हे. ते डॉक्टरांकडे गेलेच नव्हते व त्यामुळे यादीत आले नव्हते. फेब्रुवारी २०२० मध्ये एक वर्षाहून अधिक काळ थांबलेले रुग्ण दोन हजारांहून कमी होते. मार्च २०२१ मध्ये ते ४ लक्ष ३६ हजार झाले. सप्टेंबर २०२३ मध्ये तर एकूण यादी सु. ७७ लक्षांवर पोहोचली. तातडीच्या रुग्णांमुळे पुन्हा खंड पडू नये, म्हणून नियोजित शस्त्रक्रियांसाठी वेगळी केंद्रे उभारण्यावर तेथे भर देण्यात आला.

भारतात अशी देशव्यापी यादी नाही. गावाकडून आलेल्या रुग्णाला तारीख मिळते ती केसपेपरावर. तो पुन्हा आला नाही, तर त्याची वेगळी गणती होत नाही. मुंबई महानगरपालिकेचे नायर रुग्णालय एप्रिल २०२० मध्ये केवळ कोव्हिडसाठी राखून ठेवण्यात आले. मार्चमध्ये थांबलेली उपनगरी रेल्वे सर्वसाधारण प्रवाशांना, तीही ठराविक वेळांतच, १ फेब्रुवारी २०२१ रोजी खुली झाली. ठाणे, पालघर वा रायगडहून येणाऱ्या गरीब रुग्णाच्या दृष्टीने रुग्णालय बंद असणे आणि गाडी बंद असणे यांत फारसा फरक नव्हता.

सर्वत्र सर्वच थांबले असे मात्र नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० या अवधीत कर्करोगाच्या ४९४ नियोजित शस्त्रक्रिया करण्यात आल्या. त्यांतील निम्म्याहून अधिक गुंतागुंतीच्या होत्या. तरीही शस्त्रक्रियोत्तर मृत्यू एकही झाला नाही. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य रोगाने नवाच भार टाकला. त्यात नाकालगतच्या पोकळ्यांतील मृत ऊतक, क्वचित जबडा किंवा डोळाही, तातडीने काढावा लागे व त्यासाठी कान-नाक-घसा आणि नेत्र विभागांचे शल्यविशारद गुंतून पडले. त्याच वर्षी पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशपरीक्षा जानेवारीऐवजी सप्टेंबरमध्ये झाली. प्रवेश रखडले आणि निवासी डॉक्टरांच्या तीन तुकड्यांचे काम शासकीय रुग्णालयांत दोन तुकड्यांवर पडले.

विलंबाचे परिणाम व्याधीगणिक भिन्न असतात. अंतर्गळात आतडे अडकून त्याचा रक्तपुरवठा तुटला, तर पुढे ढकललेली शस्त्रक्रिया तातडीची होते. मोतीबिंदू ‘पिकू द्यावा’ ही जुनी समजूत ग्रामीण भागात अद्याप आढळते. वस्तुतः अतिपक्व मोतीबिंदूत भिंग फुगून डोळ्यातील दाब वाढू शकतो आणि नेत्रतंत्रिकेची त्यामुळे झालेली हानी भरून येत नाही. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांची वार्षिक नोंद ठेवली जात असल्याने ही तूट निदान दिसू तरी शकली. थकलेल्या शस्त्रक्रिया पुऱ्या करण्यासाठी जून २०२२ मध्ये केंद्र शासनाने तीन वर्षांची मोहीम सुरू केली. २०२२-२३ साठी ७५ लक्षांचे उद्दिष्ट होते. प्रत्यक्षात ८३ लक्षांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या.