प्लीहा नसलेल्यांसाठी प्रत्येक ताप 'व्हायरल' नसतो

बंगळुरूतील चिकपेट ही कापडाची जुनी बाजारपेठ आहे. अरुंद गल्ल्या, एकमेकांना खेटून उभी असलेली रेशमाची आणि साड्यांची दुकाने आणि सणासुदीला पाय ठेवायला जागा नाही अशी गर्दी. जुन्या शहरातील या पेठांशी भावसार क्षत्रिय, नामदेव शिंपी अशा समाजांतील मराठी बोलणाऱ्या अनेक कुटुंबांचाही पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध आहे. अशा दुकानाच्या गादीवर बसणाऱ्या एखाद्याची प्लीहा दुचाकीच्या अपघातानंतर काढावी लागली असेल, तर समोर खोकणारा प्रत्येक ग्राहक त्याला धोक्याचा वाटू लागतो. फ्लू, डेंगी, कोविड यांपैकी काय कधी गाठेल, ही चिंता मनातून जात नाही.

ही चिंता अनाठायी नाही. मात्र तिचा रोख थोडा चुकलेला असतो. प्लीहा नसलेल्या व्यक्तीला मुख्य धोका विषाणूंपासून नसून काही मोजक्या जिवाणूंपासून असतो. आलेला ताप 'व्हायरल' आहे असे गृहीत धरून तीन दिवस वाट पाहणे, हे अशा व्यक्तीच्या बाबतीत सर्वांत घातक ठरू शकते.

प्लीहेला मराठीत पांथरी असाही जुना शब्द आहे. पोटाच्या डाव्या बाजूला, बरगड्यांच्या आड, साधारण मुठीएवढा हा अवयव असतो. जीर्ण झालेल्या तांबड्या पेशी रक्तातून वेगळ्या करणे हे त्याचे एक काम. दुसरे काम संरक्षणाचे. न्यूमोकॉकस, मेनिन्गोकॉकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी या जिवाणूंभोवती शर्करायुक्त पदार्थाचे गुळगुळीत आवरण असते. त्यामुळे शरीरातील भक्षक पेशींच्या तावडीतून ते सहज निसटतात. प्लीहेत रक्ताचा वेग मंदावतो आणि तेथील विशिष्ट बी पेशी अशा आवरणाविरुद्ध तातडीने प्रतिपिंडे तयार करतात. ही चाळणीच नसेल, तर रक्तात शिरलेल्या या जिवाणूंची संख्या काही तासांत बेसुमार वाढू शकते. (हिमोफिलस इन्फ्लुएन्झा हे नाव फसवे आहे. तो फ्लूचा विषाणू नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यालाच फ्लूचे कारण समजण्यात आले आणि ते नाव तसेच राहिले.)

विषाणूंची गोष्ट वेगळी आहे. ते पेशींच्या आत शिरून वाढतात. त्यांच्याशी लढणाऱ्या टी पेशी आणि प्रतिपिंडे बनवणाऱ्या बहुतेक यंत्रणा लसिका ग्रंथी, अस्थिमज्जा आणि शरीरात इतरत्र कार्यरत असतात. प्लीहा काढल्याने ही फळी कोलमडत नाही. साधी सर्दी किंवा कांजिण्या अशा व्यक्तीला इतरांहून फार वेगळ्या होतील, असे सहसा घडत नाही.

मग फ्लूची लस दरवर्षी घ्या, असे डॉक्टर का सांगतात? फ्लूने श्वसनमार्गाचे अस्तर दुखावले जाते आणि मागून येणाऱ्या जिवाणूंना वाट मोकळी होते. १९१८ च्या महासाथीतील बहुतेक मृत्यूंमागे फ्लूपाठोपाठ झालेला जिवाणूजन्य न्यूमोनिया होता, असे नंतरच्या संशोधनातून दिसून आले. ज्याला न्यूमोकॉकसची भीती बाळगायची आहे, त्याने फ्लूला दारातच अडवणे शहाणपणाचे ठरते. कोविडची लसही याच विचाराने सुचवली जाते.

'हा अवयव नसला तरी चालते'

ही समजूत वैद्यकशास्त्रातही दीर्घकाळ होती. १९१९ मध्ये मॉरिस आणि बुलक या संशोधकांनी प्लीहा काढलेले उंदीर संसर्गाला लवकर बळी पडतात, असे प्रयोगाने दाखवले. त्याकडे फारसे लक्ष दिले गेले नाही. १९५२ मध्ये अमेरिकेतील किंग आणि शूमाकर या डॉक्टरांनी रक्तविकारामुळे प्लीहा काढलेल्या पाच तान्ह्या बालकांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांना झालेल्या गंभीर जंतुसंसर्गाच्या नोंदीनंतर हा धोका सर्वमान्य होऊ लागला. आज अपघातात प्लीहेला इजा झाली तरी शक्यतो ती वाचवण्याकडेच शल्यचिकित्सकांचा कल असतो.

हा अतितीव्र जंतुसंसर्ग वारंवार होणारा नाही. बहुतेकांच्या वाट्याला तो आयुष्यभरात येत नाही. पण झालाच, तर सुमारे निम्म्या रुग्णांचा मृत्यू होऊ शकतो आणि त्यासाठी कित्येकदा २४ ते ४८ तासही पुरतात. सुरुवात अगदी साधी असते: थंडी वाजून ताप, अंगदुखी, उलटी. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत धोका अधिक असतो. मात्र वीस-तीस वर्षांनीही असे रुग्ण आढळले आहेत. अपघातामुळे प्लीहा गमावलेल्यांपेक्षा थॅलेसेमियासारख्या रक्तविकारामुळे ती काढलेल्यांना जोखीम जास्त असते. सिकलसेलच्या काही रुग्णांची प्लीहा तर शस्त्रक्रियेविनाच निकामी होते.

पावसाळ्यात बंगळुरूमध्ये कोणत्याही तापाकडे आधी डेंगी म्हणून पाहिले जाते. त्यात गैर काही नाही. कर्नाटक सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये डेंगीला साथरोग म्हणून अधिसूचित केले होते. परंतु प्लीहा नसलेल्या व्यक्तीने डेंगीच्या अहवालाची वाट पाहत घरी बसणे योग्य नाही. डॉक्टरांनी अशा प्रसंगासाठी आधीच लिहून दिलेल्या प्रतिजैविकाची पहिली मात्रा घ्यावी आणि लगेच रुग्णालय गाठावे. तपासण्या तेथे होतील. चिकपेटहून व्हिक्टोरिया रुग्णालय फार दूर नाही. औषधांच्या दुकानातून पॅरासिटामॉल घेऊन ताप उतरवला, तर तेवढ्यापुरते बरे वाटेल, पण रक्तातील जिवाणू तसेच राहतील.

लसींबाबत मोठ्यांची अडचण अशी की, हिमोफिलस बी ची लस भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात २०११ पासून, तर न्यूमोकॉकसची २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि तीही बालकांसाठी. त्यापूर्वी जन्मलेल्यांना बहुधा ती मिळालेली नसते आणि आता सहसा पदरच्या पैशाने घ्यावी लागते. शस्त्रक्रिया पूर्वनियोजित असेल, तर या दोन्ही आणि मेनिन्गोकॉकसची लस किमान दोन आठवडे आधी घेतलेली बरी. अपघातात तशी सवड नसते. तेव्हा त्या साधारण दोन आठवड्यांनंतर दिल्या जातात. न्यूमोकॉकसच्या दोन प्रकारच्या लसी ठराविक अंतराने घ्याव्या लागतात आणि काहींची मात्रा काही वर्षांनी पुन्हा लागते. घाईघाईने दाखल झालेल्या रुग्णाच्या घरी जाण्याच्या कागदावर ही नोंद आहे की नाही, हे नातेवाइकांनी आवर्जून पाहावे. ती नसेल, तर पुढे कोणाला आठवण राहत नाही.

आणखी दोन प्रसंगी सावध राहावे लागते. हिवतापाचे परजीवी असलेल्या तांबड्या पेशी रक्तातून बाजूला काढण्याचे काम प्लीहाच करते. त्यामुळे गडचिरोलीसारख्या हिवतापग्रस्त भागात जाण्यापूर्वी प्रतिबंधक औषधांविषयी डॉक्टरांना विचारावे. कुत्रा चावल्यास आपल्याकडे प्रथम रेबीजची आठवण होते आणि ती लस तर तातडीने घ्यायलाच हवी. पण कुत्र्याच्या लाळेतील कॅप्नोसायटोफॅगा हा जिवाणू प्लीहा नसलेल्याच्या जिवावर उठू शकतो. अशा व्यक्तीने रेबीजच्या लसीबरोबर प्रतिजैविकाबाबतही विचारले पाहिजे.

शुद्ध हरपलेल्या रुग्णाला यातले काहीच सांगता येत नाही. त्यासाठी आपली प्लीहा काढलेली आहे, असे लिहिलेले कार्ड पाकिटात ठेवण्याचा सल्ला दिला जातो. बंगळुरूतील मराठी माणसाने ते इंग्रजीबरोबर कन्नडमध्येही लिहून घ्यावे. कन्नडमध्ये प्लीहेला 'गुल्म' म्हणतात; मराठी आयुर्वेदात मात्र गुल्म म्हणजे पोटातील गाठ.